पानठेल्यावर क्वार्टरबॅकचा वाद घालायचा असंल तर

एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रात्री बारापर्यंत स्लॅब तापलेलाच असते, पाण्याचा सडा मारून गादी टाकली तरी पाठ भाजते, आणि नेमकं त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या फुटबॉलचा ड्राफ्ट येते, म्हणजे कॉलेजात खेळणारे पोट्टे मोठ्या लीगच्या टीमा पाळीपाळीनं उचलतात तो प्रकार. तिकडं गुरुवारी रात्री आठला सुरू झाला की आपल्याकडं शुक्रवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे झोप लागते न लागते तर उठायचं, मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवायचा (आमच्या घरी नेटवर्क तिथंच मिळते), आणि कोणत्या टीमनं कोणता पोट्टा उचलला ते पाहायचं. आम्ही सहा जण आहोत असे. फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही, तो लांबट बॉलवाला, हेल्मेट घालून एकमेकाच्या अंगावर पडतात तो.

हे खूळ लागलं लॉकडाऊनमधी. चुलतभाऊ पुण्याहून घरी येऊन बसला होता, कंपनी अमेरिकेची, रात्रपाळी, त्यानं २०२० चा ड्राफ्ट लावला, कोरोनामुळं तिकडच्या लीगचा कमिश्नर स्वतःच्या घरच्या तळघरात बसून नावं वाचून राहिला होता. आम्ही म्हटलं हे काय बाप्पा, लग्नाच्या आहेराची यादी आहे का. पण दोन वर्षात अशी वेळ आली की गावातल्या पानठेल्यावर ट्रेव्हर लॉरेन्स चांगला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य गडी) का झॅक विल्सन यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. तर वाद घालायचाच असंल तर नीट कसा घालायचा हे लिहून राहिलो, कारण निम्मी भांडणं चुकीच्या गोष्टीवर होतात.

पहिले हे डोक्यातून काढा की हा आयपीएलसारखा लिलाव आहे. इथं बोली नाही. ३२ टीम, सात राउंड, तीन दिवस. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात खराब खेळली तिचा पहिला नंबर आणि जी जिंकली तिचा शेवटचा. पोट्ट्याला टीम निवडता येत नाही, टीम त्याला निवडते. पैसे पण नंबरावर जवळपास ठरलेले. २०१० पर्यंत तसं नव्हतं, त्या वर्षी पहिला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर घेऊन गेला, मंग २०११ ला नियम बदलला आणि त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांच्या साधारण २.२ कोटीवर आला. म्हणून "एवढे पैसे द्यायच्या लायकीचा आहे का" हा वाद इथं चालतच नाही. खरा वाद असा की या नंबरावर याला घेतला तर हातचं काय गेलं.

आणि नंबर विकता येतात. हे समजलं नाही तर काहीच समजत नाही. २०२३ ला पँथर्स टीमनं पहिला नंबर मिळवायला बेअर्स टीमला डीजे मूर नावाचा चांगला रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) दिला, आणखी नंबर दिले, आणि वरून पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा नंबरही दिला. आणला कोण, तर ब्राइस यंग नावाचा क्वार्टरबॅक. मंग पँथर्स त्या सीझनला १७ पैकी दोनच मॅच जिंकले, सगळ्यात खाली गेले, म्हणजे देऊन टाकलेला नंबर निघाला पुन्हा पहिलाच. त्यावर बेअर्सनं क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. आमच्या मास्तरचं म्हणणं, याला म्हणतात वावर विकून बैल घेणं आणि मंग बैलाला चरायला जागा नाही.

आता क्वार्टरबॅक काहून एवढा महत्त्वाचा, हे नवीन माणसाला समजवायचं तर शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) सांगा. बंदी होती तेव्हा सात-आठ वर्षं सुनं सुनं वाटे, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तसे पुन्हा पट भरू लागले, तळेगाव दशासरचा पट त माहीतच आहे सगळ्यांना. जोडी कितीही दमाची असो, धुरकऱ्यानं एका सेकंदाचा घोळ केला तर जोडी कडेला जाते. क्वार्टरबॅक म्हणजे धुरकरी. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, पुढं पाच दांडगे भिंत करून उभे असतात आणि अडीच-तीन सेकंदात त्याला ठरवायचं असते की बॉल कोणाला द्यायचा.

पण वाद घालताना लोक काय पाहतात? बैलबाजारात भोवरा पाहणारे असतात ना, तसे. कपाळावर भोवरा कुठं, शेपटीचा गोंडा कसा, आणि बैल नांगराला चालते का हे विचारतच नाहीत. तिकडं फेब्रुवारी-मार्चमधी इंडियानापोलिसला कंबाईन भरते, सगळ्या पोट्ट्यांना उभं करून उंची, वजन, चाळीस यार्डाची धाव आणि हाताचा पंजा मोजतात. पंजा म्हणजे आपली वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. २०२० ला जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकची वीत नऊ इंच भरली तर तिकडं केवढा गहजब झाला, त्यानंच गंमत केली की आता रिटायर व्हावं म्हणतो, एवढ्याशा हातातून बॉल निसटून जाईल. पहिल्या नंबरावर गेला आणि दुसऱ्याच सीझनला सुपर बोल (लीगची फायनल) खेळला. टॉम ब्रेडी चाळीस यार्ड ५.२८ सेकंदात धावला होता, आमच्या गावचा पोस्टमन त्याच्या पुढं निघाला असता. २००० साली सहाव्या राउंडला, १९९ व्या नंबरवर गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले होते, आणि सात सुपर बोल जिंकला. उलट २००७ चा जमार्कस रसेल पाहा, साडेसहा फुटाचा, दंडात ताकद म्हणजे काय विचारू नका, पहिला नंबर, तीन सीझनमधी खेळ खलास.

म्हणजे मोजमाप बिनकामाचं असं नाही म्हणून राहिलो. पाच फूट दहाच्या पोट्ट्याला भिंतीवरून पलीकडं दिसायला त्रास होतेच, ब्राइस यंगच्या वेळी हा मुद्दा रास्त होता. पण मोजमापानं वाद सुरू करा, संपवू नका.

वयाचं मात्र दात पाहिल्यासारखं नक्की पाहा. आदत गोऱ्हा आणि चारदाती बैल एकाच गाडीला जुंपून चारदाती जास्त ओढते म्हणून कोणी त्याचा दुप्पट भाव देते का? कॉलेजमधी पाचव्या-सहाव्या वर्षाला असलेला २४ वर्षांचा गडी १९ वर्षांच्या पोट्ट्यांना हरवते, त्यात नवल काय. २०१२ ला ब्राउन्सनं ब्रँडन वीडन २२ व्या नंबरवर घेतला, वय २८, पहिले बेसबॉल खेळून आलेला, दोन सीझनमधी सोडून दिला. पण यालाही दुसरी बाजू आहे, जेडन डॅनियल्स पाच वर्षं कॉलेज खेळून आला आणि २०२४ ला पहिल्याच सीझनला टीमला सुपर बोलच्या एक मॅच अलीकडपर्यंत घेऊन गेला. म्हणून वयासोबत हे विचारा की आधीच्या वर्षी कसा होता, हळूहळू चढत आला का, का शेवटच्या एकाच वर्षी एकदम चमकला.

मंग व्हिडिओ. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात आणि मी पण फसलो आहे. दहा मिनिटाची क्लिप पाहू नका, ती म्हणजे लग्नाचा फोटो, पावडर लावूनच काढलेला. पूर्ण मॅच पाहा, एकाच पोट्ट्याच्या तीन पुरे, पण त्यातली एक हरलेली पाहिजे. हरलेल्या मॅचमधी माणूस दिसते. पद्धत अशी, क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आला की दोन सेकंदानं व्हिडिओ थांबवायचा आणि सगळ्यांनी सांगायचं की बॉल कोणाला द्यायला पाहिजे, मंग पुढं चालू करायचा. पहिले पहिले आपल्याला काहीच समजत नाही, सगळी माणसं मुंग्यांसारखी दिसतात, पण पाच-सहा मॅचनंतर समजू लागते की पहिला रिसीव्हर बंद झाल्यावर हा दुसऱ्याकडं पाहते का लगेच पळत सुटते. अंगावर माणूस धावून आला तर नजर पुढंच राहते का येणाऱ्याकडं जाते. पाय जागेवर आहेत का नाचून राहिले. बॉल रिसीव्हरच्या छातीवर येते, का त्याला थांबून मागं वळून घ्यावा लागते, कारण कॉलेजमधी मागं वळायला वेळ मिळते, पुढं नाही मिळत, तेवढ्या वेळात हाड मोडते. आणि पडला तर दर वेळी भिंतीचा दोष नाही, किती वेळ बॉल धरून बसला ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा, आमच्यातला एक जण खरंच मोजते, वहीत लिहिते, त्याच्या बायकोला वाटते कापसाचा हिशोब चालू आहे.

फेकलेल्यापैकी किती बॉल आपल्या माणसानं पकडले त्या टक्केवारीवर भांडणाऱ्याला एकच विचारा, त्यातले किती बॉल दोन पावलांवरच्या माणसाला दिलेले? तसे देऊन सत्तर टक्के कोणीही काढते. जोश ॲलनची कॉलेजमधी टक्केवारी ५६ च्या आसपास होती, २०१८ ला सातव्या नंबरवर गेला तेव्हा लोक हसले, आणि २०२४ च्या सीझनला तो लीगचा एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू) झाला. पण हे उदाहरण देणाऱ्यापासून सावध राहा बरं का. दरवर्षी कोणी ना कोणी नेम चुकणारा, दांडगा पोट्टा येते, आणि दरवर्षी ठेल्यावर कोणी ना कोणी म्हणते, "ॲलनबी असाच होता बे." हाव, होता. तसे वीस आले, ॲलन एकच झाला. बाकीच्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत म्हणूनच हा मुद्दा चालते.

प्रो डे नावाचा प्रकार (कॉलेजातच टीमवाल्यांना खेळ दाखवायचा दिवस) तर बिलकुल मनावर घेऊ नका. आपलंच कॉलेज, आपलेच रिसीव्हर, अंगावर येणारं कोणी नाही, आधी ठरवलेले बॉल. २०२१ ला झॅक विल्सननं तिथं पळता पळता अंगाच्या आडवा एक असा लांब बॉल फेकला की मी तो मोबाईलवर चाळीसदा पाहिला असंल आणि लॉरेन्सपेक्षा हाच भारी म्हणून लेखी देऊन बसलो. जेट्स टीमनं दुसऱ्या नंबरवर घेतला. तीन सीझननंतर त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं. मले अख्ख्या ठेल्याला तर्री पोहे खाऊ घालावे लागले, आणि तेव्हापासून कोणी काहीही म्हटलं की मांगून आवाज येते, "चाळीसदा पाहाय भौ."

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. पोट्ट्याचं नाव एकटं घेऊच नका. आमच्या ठेल्यावर नियमच आहे, नाव घेतलं की टीम पण सांगायची, नाहीतर मुद्दा बाद. एकाच थैलीतलं बियाणं काळ्या भुईत टाकलं आणि मुरमाड टेकडावर टाकलं तर पऱ्हाटी सारखी येईल का? मंग टेकडावरची पऱ्हाटी वाळली की बियाण्याला शिव्या काहून देता. सॅम डार्नोल्ड २०१८ ला तिसऱ्या नंबरवर जेट्सकडं गेला, तीन वर्षात बेकार ठरवून काढला, तोच माणूस २०२४ ला व्हायकिंग्सकडून १४ मॅच जिंकला. २०१८ चाच पहिला नंबर बेकर मेफिल्ड, ब्राउन्सनं सोडल्यावर पँथर्स, रॅम्स करत करत टँपा बेला जाऊन जमला. पॅट्रिक महोम्स २०१७ ला दहावा गेला, चीफ्स त्याच्यासाठी २७ व्या नंबरवरून वर चढले, आणि आणल्यावर वर्षभर जुना क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मांगं बसवून ठेवला, कोच अँडी रीडच्या हाताखाली शिकला, मंग सोडला. ॲरन रॉजर्स तर २००५ ला २४ व्या नंबरवर जाऊन तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मांगं बसला. महोम्सला त्याच वर्षी दुसऱ्या एखाद्या टीमनं घेऊन पहिल्याच दिवशी जुंपला असता तर? कोणालाच माहीत नाही, आणि जो माणूस माहीत आहे म्हणते त्याच्याशी वाद घालू नका, त्याला चहा पाजा.

तर टीम सांगितली की चार गोष्टी विचारायच्या. पुढची भिंत कशी आहे, फेकलेला बॉल पकडणारे कोण आहेत, शिकवणारा कोच पुढच्या वर्षी तरी नोकरीवर राहील का, आणि वर्षभर सांभाळून घेणारा जुना क्वार्टरबॅक टीममधी आहे का. यातला कोचचा मुद्दा लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे, दरवर्षी मास्तर बदलला तर पोट्टा दरवर्षी पहिलीतच.

फोर्टीनाइनर्स टीमची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ ला त्यांनी तिसऱ्या नंबरवर चढायला पहिल्या राउंडचे तीन नंबर खर्ची घातले आणि ट्रे लान्स आणला. लान्सनं कॉलेजमधी एकूण १७ मॅच सुरू केल्या होत्या, त्यातल्या १६ एकाच वर्षी. दोन वर्षांनी त्याला चौथ्या राउंडच्या एका नंबरावर डॅलसला देऊन टाकला. आणि २०२२ ला त्याच टीमनं ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा पोट्टा घेतला, ब्रॉक पर्डी. शेवटच्याला तिकडं मस्करीत मिस्टर इर्रेलेवंट म्हणतात, म्हणजे कोणाच्या गिनतीत नसलेला. तो २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोल खेळला. हरले, पण खेळला.

बोलताना आपल्या तोंडाकडं पण लक्ष असू द्या. लमार जॅक्सन २०१८ ला ३२ व्या नंबरवर गेला, त्याआधी चांगले चांगले जाणकार म्हणत होते की यानं क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर व्हावं. २०१९ ला एकमतानं एमव्हीपी झाला. तिकडं काळ्या पोट्ट्यांना "पळते चांगला, डोकं चालन का नाही सांगता येत नाही" असं म्हणून दुसऱ्या जागेवर ढकलायची जुनी खोड आहे, वॉरन मून १९७८ ला ड्राफ्टमधी कोणीच घेतला नाही म्हणून कॅनडात जाऊन खेळला, परत आला आणि शेवटी हॉल ऑफ फेममधी (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला. माणूस पाहून त्याची जागा आधीच ठरवायची रीत आपल्या गावात कोणाला समजवून सांगायची गरज नाही. ठेल्यावर एकजण एकाला "हुशार" आणि दुसऱ्याला "ताकदवान" म्हणून राहिला होता, दोघांच्या मॅच एकही पाहिलेली नव्हती, आम्ही त्याला तिथंच थांबवला.

एप्रिलमधी येणाऱ्या बातम्या सोडून द्या. अमकी टीम तमक्यावर खूश आहे, तमक्याची मुलाखत खराब गेली, हे सगळं दलालाचं बोलणं असते, रुमालाखाली बोटं वेगळीच दाबलेली असतात. २०२५ ला क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स पहिल्या राउंडला जाईल असं कितीतरी जण सांगत होते. आमच्यातल्या एकानं त्याच्यावर कोंबडीची पार्टी लावली. शुक्रवारी पहाटे पहिला राउंड संपला, नाव नाही. शनिवारी पहाटे साडेचारला उठून दुसरा-तिसरा पाहिला, नाव नाही. शनिवारी रात्री साडेनऊला उरलेले राउंड सुरू झाले तर हा माणूस जेवणाचं ताट घेऊन स्लॅबवर, आणि पाचव्या राउंडला, १४४ व्या नंबरवर ब्राउन्सनं घेतला तेव्हा तो ताट बाजूला ठेवून घोरून राहिला होता. आम्ही उठवलं नाही. कोंबडी मात्र सोडली नाही.

शेवटी रजिस्टर. हे नसलं तर सगळा वाद पाण्यात, कारण तीन वर्षांनी प्रत्येक जण म्हणते मी तर तवाच म्हटलं होतं. ड्राफ्टच्या आधी एका पानावर तारीख, पोट्ट्याचं नाव, कोणत्या टीमकडं गेला तर जमंल आणि कोणत्या टीमकडं गेला तर बिघडंल, कारण एका ओळीत, खाली सही. तीन सीझन उघडायचं नाही. पहिल्या सीझनवर तर बोलायचंच नाही, पेटन मॅनिंगनं १९९८ ला पहिल्या सीझनमधी समोरच्या टीमच्या हातात २८ बॉल दिले होते आणि टीम १६ पैकी १३ मॅच हरली होती.

आणि रजिस्टर पानठेल्यावर ठेवू नका. आमचं तिथंच होतं, बाजूच्या गाड्यावाल्याचा कागद संपला एक दिवस, त्यानं विचारलं पण नाही, २०२२ चं पान फाडून त्यात भजे बांधून दिले. आता ठेल्यावरचा एकूण एक माणूस म्हणून राहिला की त्या पानावर पर्डीचं नाव त्यानंच लिहिलं होतं. तेव्हापासून रजिस्टर मास्तरच्या घरी, लोखंडी कपाटात, किल्ली काकूकडं.